जिवाणू आणि जड धातू: संशोधन करणाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धातू सहन करणाऱ्या जिवाणूंवर काम करताना सूक्ष्मजीवशास्त्र थोडे लागते आणि रसायन, प्रकाशशास्त्र, भौतिकी, आकडेमोड बरीच लागते. अर्थशास्त्रही शेवटी दार ठोठावतेच. जिथे चुका जास्त होतात तिथे उत्तरे लांबली आहेत. बाकी ठिकाणी थोडक्यात आटोपले आहे.

जिवाणू जड धातू ‘नष्ट’ करतात का?

नाही. तेल किंवा कीटकनाशकाचा रेणू तोडून जिवाणू त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करू शकतो. कॅडमियमचा अणू तोडायची सोय कोणत्याच जिवाणूकडे नाही. धातू फार तर पेशीच्या भिंतीला चिकटतो, आत शिरतो, साका होऊन तळाला बसतो, त्याचे विद्युतभारित रूप बदलते किंवा (पाऱ्याच्या बाबतीत) वाफ होऊन उडून जातो. म्हणून ‘आमच्या जिवाणूने ९५ टक्के धातू काढला’ हे वाक्य वाचले की पहिला प्रश्न एकच: काढला, तो गेला कुठे? या पानावरचे बहुतेक सल्ले याच एका ताळ्यासाठी आहेत.

‘जड धातू’ म्हणजे नक्की कोणते?

याची सर्वमान्य व्याख्या नाही. घनता, अणुभार, विषारीपणा असे वेगवेगळे निकष लावले जातात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या २००२ च्या तांत्रिक अहवालाने हा शब्द जवळपास निरर्थकच ठरवला होता. आर्सेनिक तर धातूही नाही, धातुसदृश आहे. शोधनिबंधाच्या शीर्षकात शब्द वापरायला हरकत नाही. पद्धतीच्या भागात मात्र मूलद्रव्य आणि त्याचे रूप लिहावे. ‘क्रोमियम’ एवढेच लिहिणे पुरत नाही. सहा-संयुजी क्रोमियम आणि तीन-संयुजी क्रोमियम जिवाणूच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत.

धातू पेशीत शिरतो कसा आणि जिवाणू तगतो कसा?

विषारी धातूसाठी पेशीने वेगळे दार ठेवलेले नसते. तो दुसऱ्याच्या दारातून घुसतो. क्रोमेट सल्फेटच्या वाहकातून येते, आर्सेनेट फॉस्फेटच्या वाहकातून, कॅडमियम मँगनीज किंवा जस्ताच्या वाटेने. प्रयोगाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. माध्यमात सल्फेट भरपूर असेल तर क्रोमेटचा विषारीपणा कमी दिसतो आणि फॉस्फेट वाढवले की आर्सेनेटचा.

तगण्याचा सर्वांत सामान्य मार्ग म्हणजे आत आलेला धातू बाहेर फेकणे. क्युप्रियाव्हिडस मेटॅलिड्युरन्सचा सीएच-३४ हा वाण १९७६ मध्ये बेल्जियममधल्या जस्त कारखान्याच्या टाकीतून वेगळा केला गेला. त्याच्या एका मोठ्या प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएवर) कोबाल्ट, जस्त आणि कॅडमियम बाहेर ढकलणारी पंपव्यवस्था आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये कॅडमियमसाठी एटीपीवर चालणारा पंप सापडतो. आर्सेनिकच्या बाबतीत गंमत अशी की पेशी आधी आर्सेनेटचे आर्सेनाइट करते, म्हणजे जास्त विषारी रूप बनवते, आणि मग तेच बाहेर काढते. पाऱ्यासाठी मेर जनुकसमूह आहे. त्यातले मेर-ए विकर एनएडीपीएच वापरून पाऱ्याच्या आयनाचे मूलद्रव्यरूप पाऱ्यात रूपांतर करते आणि तो वाफेने निघून जातो. काही सायनोबॅक्टेरिया धातूला मेटॅलोथायोनिन नावाच्या गंधकयुक्त प्रथिनात बांधून ठेवतात.

यातून एक निष्कर्ष निघतो, तो बऱ्याच प्रबंधांत हरवतो. जो जिवाणू धातू बाहेर फेकून तगतो, तो पाण्यातून धातू काढायला फारसा उपयोगाचा नाही. जास्त प्रतिकार म्हणजे जास्त शोषण नव्हे. कित्येकदा ते उलटच असते.

धातूचे मूळ द्रावण कसे करावे? ‘पीपीएम’ लिहिले तर चालेल का?

चालेल, पण कशाचे पीपीएम (इथे मिग्रॅ/लिटर) ते लिहा. मिठाचे की धातूचे, ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी गफलत आहे. मोरचुदात, म्हणजे पाच पाण्याच्या रेणूंसह असलेल्या कॉपर सल्फेटमध्ये, वजनाने फक्त २५.५ टक्के तांबे असते. कोणी ‘१०० मिग्रॅ/लिटर’ म्हणून १०० मिलिग्रॅम मोरचूद टाकले तर तांबे पडते २५.५ मिलिग्रॅम. चौपट फरक.

शक्यतो मिलिमोलर (अणूंच्या संख्येवर आधारलेले माप) वापरा. धातूंची आपसात तुलना करायची असेल तर दुसरा पर्यायच नाही: १०० मिग्रॅ/लिटर म्हणजे क्रोमियमचे १.९२ मिलिमोलर, कॅडमियमचे ०.८९, शिशाचे फक्त ०.४८. ‘शिशापेक्षा क्रोमियम जास्त विषारी’ असे सारख्या पीपीएमवरून म्हणणे म्हणजे चौपट अणूंची एकपट अणूंशी झुंज लावणे.

नेहमी लागणारी मापे अशी. सहा-संयुजी क्रोमियमचे १००० मिग्रॅ/लिटर द्रावण करायला वाळवलेले पोटॅशियम डायक्रोमेट २.८२९ ग्रॅम घेऊन १ लिटर करावे. कॅडमियमचे १०० मिलिमोलर द्रावण १०० मिलिलिटर करायला अडीच पाण्याचे कॅडमियम क्लोराइड २.२८४ ग्रॅम लागते. बाटलीवरचे पाण्याच्या रेणूंचे प्रमाण वाचूनच तोलावे, कारण एकाच मिठाची दोन-तीन रूपे मिळतात. द्रावण ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक करावे आणि माध्यम थंड झाल्यावर मिसळावे. माध्यमासकट ऑटोक्लेव्ह केले तर शिसे फॉस्फेट किंवा कार्बोनेट होऊन बसते, आणि साखर असेल तर सहा-संयुजी क्रोमियम जिवाणू टाकायच्या आधीच थोडे क्षपित होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन तीन-संयुजी बनते.

पोषक माध्यम कोणते घ्यावे? एलबीमध्ये (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या पोषक रसात) जिवाणू फार मोठी मात्रा सहन करतो आहे.

सहन जिवाणू करत नाही, एलबी करते आहे. त्यातल्या पेप्टाइडांना, अमिनो आम्लांना आणि यीस्ट अर्काला धातू बांधला जातो आणि मोकळा आयन फार थोडा उरतो. म्हणून एलबीमधली सहनशक्ती साध्या क्षारमाध्यमातल्या सहनशक्तीपेक्षा कितीतरी मोठी दिसू शकते.

धातूंसाठी ट्रिस किंवा मॉप्स बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) असलेले, कमी फॉस्फेटचे क्षारमाध्यम वापरावे. शिशासाठी फॉस्फेटचा स्रोत म्हणून बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घेतल्यास साका बराच कमी होतो. चांदीवर काम असेल तर क्लोराइड टाळावे, नाहीतर सिल्व्हर क्लोराइड खाली बसेल आणि जिवाणू निवांत वाढत राहील. एकूण धातूपैकी मोकळा किती हे अंदाजायला मिनटेक किंवा फ्रीक्यूसी यांसारखी रासायनिक समतोलाची गणिते करणारी संगणकप्रणाली वापरा. यीस्ट अर्कासारख्या अनिश्चित घटकांसाठी मात्र तिचा उपयोग नाही.

सोपी चाचणी: जिवाणू न टाकता माध्यमात धातू मिसळा, २४ तास त्याच तापमानाला हलवत ठेवा, सेंट्रिफ्यूज करून वरच्या द्रावणात किती धातू उरला ते मोजा. तिथेच ४० टक्के गायब झाला असेल तर पुढचे सगळे आकडे त्या ४० टक्क्यांच्या सावलीत आहेत.

किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, कशी काढावी?

दुपटीच्या पायऱ्या घ्या (०.१२५, ०.२५, ०.५, १, २ मिलिमोलर वगैरे). रात्रभर वाढवलेले कल्चर त्याच माध्यमात पुन्हा वाढवून वाढीच्या मधल्या टप्प्यात आणा आणि प्रत्येक नळीत दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख पेशी जातील असे टाका. पेशी जास्त टाकल्या तर त्या धातू आपसात वाटून घेतात आणि एमआयसी फुगते. धातू आहे पण पेशी नाहीत, पेशी आहेत पण धातू नाही, आणि ओळखीचा संवेदनशील वाण, असे तीन कंट्रोल हवेतच. अंदाजासाठी: ट्रिस-आधारित माध्यमावर एशेरिकिया कोलायची सहनशक्ती पाऱ्याला सुमारे ०.०१ मिलिमोलर, जस्ताला सुमारे १ मिलिमोलर इतकी असते.

वाचन २४ आणि ४८ तासांनी, दोन्ही वेळा करा. धातूच्या ताणाखाली वाढ सुरू व्हायलाच उशीर होतो. २४ तासांना ‘वाढ नाही’ वाटलेली नळी ४८ तासांना गढूळ दिसते. आगर प्लेट आणि द्रवमाध्यम यांच्या एमआयसी एकमेकींशी ताडून पाहू नका. आगर स्वतः धातू धरून ठेवते.

ओडी ६०० वर (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेल्या गढूळपणावर) वाढ मोजली तर काय बिघडते?

बरेच काही. ६०० नॅनोमीटरला जिवाणू प्रकाश शोषत नाहीत, विखुरतात. उपकरण मोजते ते सरळ शोधकापर्यंत न पोहोचलेल्या प्रकाशाचे प्रमाण. किती विखुरलेला प्रकाश शोधकात शिरतो हे त्या उपकरणाच्या रचनेवर ठरते, म्हणून एकाच कल्चरचा ओडी दोन उपकरणांवर वेगळा येतो आणि त्यात बिघाड काही नसतो.

साधारण ०.४ च्या पुढे ओडी आणि पेशीसंख्या यांचे सरळ नाते ढळू लागते. तिथून पुढे नमुना विरळ करून वाचावा आणि गुणावे. भरीस भर भटक्या प्रकाशाची. समजा ०.१ टक्का प्रकाश नमुन्यातून न जाताच शोधकावर पडतो. खरा आकडा १ असेल तर उपकरण ०.९९६ दाखवते, म्हणजे ठीक. २ असेल तर १.९६. आणि ३ असेल तर २.७०. म्हणून ‘ओडी २.८ पर्यंत वाढ’ असा आलेख पाहिला की त्याच्या वरच्या टोकावर विश्वास ठेवू नये.

धातूंमुळे आणखी तीन भानगडी होतात. एक, साका स्वतःच प्रकाश विखुरतो. दोन, ताणाखाली काही जिवाणू विभाजन न होता लांबत जातात किंवा गठ्ठे करतात, त्यामुळे पेशी तेवढ्याच राहून ओडी बदलतो. तीन, सेलेनाइट क्षपित होऊन लालभडक सेलेनियम बनते आणि टेलुराइटचे काळे टेलुरियम, दोन्ही ओडीत मिसळतात. उपाय जुनाच आहे: वसाहती मोजा. एक लाखपट विरळ केलेल्या नमुन्याचे ०.१ मिलिलिटर पसरून ८४ वसाहती आल्या, तर मूळ नमुन्यात दर मिलिलिटरला ८.४ कोटी जिवंत पेशी. ३० ते ३०० वसाहतींच्या प्लेटच मोजाव्यात. काही ठरावीक वेळांना तरी ओडीसोबत वसाहती मोजल्याशिवाय धातूच्या प्रयोगात वाढीचा आलेख छापू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सहा-संयुजी क्रोमियम डायफेनिलकार्बाझाइडने कसे मोजावे?

आम्लात सहा-संयुजी क्रोमियमची या अभिकर्मकाशी गाठ पडली की जांभळट-गुलाबी रंग येतो. तो ५४० नॅनोमीटरला वाचायचा.

अभिकर्मक: २५० मिलिग्रॅम १,५-डायफेनिलकार्बाझाइड ५० मिलिलिटर अॅसिटोनमध्ये, तपकिरी बाटलीत, थंड जागी. रंग तपकिरी झाला की फेकून द्या.

कृती: नमुना १०,००० जी वर १० मिनिटे सेंट्रिफ्यूज करा. वरचे द्रावण असे विरळ करा की क्रोमियम ०.१ ते १ मिग्रॅ/लिटरमध्ये येईल. सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या आसपास आणा. दर १०० मिलिलिटरला २ मिलिलिटर अभिकर्मक टाका, हलवा, ५ ते १० मिनिटांत वाचा. सगळ्या नमुन्यांना एकच वेळ द्या, कारण रंग कायम टिकत नाही.

तपासणी: या संकुलाचा मोलर शोषणगुणांक सुमारे ४०,००० आहे. १ मिग्रॅ/लिटर क्रोमियम म्हणजे १९.२ मायक्रोमोलर, १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषणांक ०.७७ च्या जवळ यायला हवा. ०.४ येत असेल तर अभिकर्मक जुना झाला आहे किंवा पीएच चुकला आहे. प्रमाण द्रावणांची रेषा कितीही सरळ आली तरी हा आकडा पाहावा. रेषा सरळ असूनही उतार अर्धा असू शकतो.

आमच्या जिवाणूने ४८ तासांत सगळे क्रोमियम संपवले. हे प्रकाशित करता येईल?

अजून नाही. डायफेनिलकार्बाझाइड फक्त सहा-संयुजी रूप पाहते. रंग गेला म्हणजे ते रूप गेले, क्रोमियम गेले नाही. एकूण क्रोमियम अणुशोषण किंवा आयसीपी (तप्त प्लाझ्मावर आधारलेली मूलद्रव्य मोजायची पद्धत) यांनी मोजून दाखवा. ते बहुधा जवळपास जागच्या जागी असते, तीन-संयुजी होऊन सेंद्रिय रेणूंना बांधलेले.

शिवाय माध्यमही क्षपण करते. यीस्ट अर्क, ग्लुकोज, अॅस्कॉर्बेट सगळेच थोडेफार हे काम करतात, आम्लधर्मी पीएचला अधिक. त्यामुळे जिवाणूविना माध्यम, उष्णतेने मारलेल्या पेशी आणि जिवंत पेशी, तिन्ही एकत्र चालवा. मारलेल्या पेशींनीही ६० टक्के काम केले तर ते विकराचे श्रेय नाही.

एक छुपा दोष: चाचणीसाठी आम्ल टाकले की त्या क्षणी माध्यमातले सेंद्रिय पदार्थ क्रोमियम क्षपित करू शकतात, आणि आकडा मोजतामोजताच घसरतो. म्हणून वापरलेल्या माध्यमात ०.५ मिग्रॅ/लिटर क्रोमियम मुद्दाम टाकून किती परत मिळते ते पाहा. ९० ते ११० टक्के मिळाले तर पुढे जा.

अणुशोषण की आयसीपी-एमएस (आयसीपीला जोडलेला वस्तुमानमापक)?

मात्रा ठरवते. ज्वालेचे अणुशोषण मिग्रॅ/लिटरच्या आसपासच्या नमुन्यांना उत्तम, स्वस्त आणि मजबूत. ग्रॅफाइट भट्टी आणि आयसीपी-एमएस मायक्रोग्रॅम/लिटर आणि त्याखाली. शोषणाच्या नेहमीच्या रेषा: कॅडमियम २२८.८, जस्त २१३.९, निकेल २३२.०, शिसे २८३.३, तांबे ३२४.८, क्रोमियम ३५७.९ नॅनोमीटर, पारा शीतवाफ पद्धतीने २५३.७ ला.

अतिनील टोकाच्या रेषांवर मिठाचा धूर आणि रेणू खोटे शोषण दाखवतात. पार्श्वभूमी दुरुस्ती बंद ठेवून कॅडमियम मोजले तर क्षारमाध्यमातल्या सोडियम क्लोराइडचा काही भाग ‘कॅडमियम’ म्हणून नोंदला जातो. आयसीपी-एमएसमध्ये सापळे वेगळे. आर्गॉन आणि क्लोरीन मिळून ७५ वस्तुमानाचा आयन बनवतात, नेमका आर्सेनिकच्या जागी. आर्गॉन आणि कार्बन मिळून ५२, नेमका क्रोमियमच्या जागी. सेंद्रिय माध्यम आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरणाऱ्यांना हे दोन्ही हमखास भेटतात. हीलियमची टक्करपेटी (असे जोड-आयन अडवणारा कक्ष) वापरा, नमुना नायट्रिक आम्लात ठेवा आणि विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण ०.२ टक्क्यांखाली आणा.

काचेची भांडी साधी धुतली तर चालतील?

नाही. १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा आणि १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्याने तीनदा खळबळा. सूक्ष्म मात्रांना पॉलिप्रॉपिलीन किंवा पीएफए बरे. जस्ताच्या बाबतीत पावडर लावलेले हातमोजे आणि रबरी बुचे हीच प्रदूषणाची खाण असते. नमुने लगेच पीएच २ खाली आणा, नाहीतर धातू भिंतीला चिकटतो. पण क्रोमियमचे रूप मोजायचे असेल तर आधी आम्ल टाकू नका.

धातूचा ताळा प्रत्यक्षात कसा मांडायचा?

समजा १०० मिलिलिटर माध्यमात १० मिग्रॅ/लिटर कॅडमियम आहे, म्हणजे जमा १.०० मिलिग्रॅम. प्रयोग संपला की पाच ठिकाणे तपासा.

पहिले, वरचे द्रावण. दुसरे, पेशींच्या पृष्ठभागावरचा धातू: पेशी १० मिलिमोलर ईडीटीएमध्ये (धातू पकडणाऱ्या संयुगात) १० मिनिटे हलवून धुवा आणि ते पाणी मोजा. तिसरे, आतला धातू: धुतलेल्या पेशी सांद्र नायट्रिक आम्ल आणि थोड्या हायड्रोजन पेरॉक्साइडसह ९५ अंशाला पचवा. चौथे, फ्लास्कची भिंत: रिकामा फ्लास्क १० टक्के नायट्रिक आम्लाने धुवून ते पाणी मोजा. पाचवे, साका. पेशींसोबत खाली बसलेला साका ईडीटीएत विरघळून पृष्ठभागाच्या खात्यात जमा होतो, हे ध्यानात ठेवून जिवाणूविना फ्लास्कमधला साका वेगळा मोजा.

बेरीज ०.९० ते १.१० मिलिग्रॅममध्ये आली तर ताळा जुळला. ०.६५ आली तर ‘जिवाणूने ३५ टक्के काढले’ असे म्हणू नका. ३५ टक्के सापडले नाही एवढेच खरे. फक्त वरचे द्रावण मोजून ‘उरले ते पेशींत गेले’ म्हणणे म्हणजे खर्चाची बाजू न पाहता शिल्लक लिहिणे.

लँगम्युअर समीकरणाला (पृष्ठभागावर किती धातू चिकटतो याच्या सूत्राला) आर-वर्ग, म्हणजे रेषा जुळण्याचे माप, ०.९९९ मिळाला. एवढे पुरेसे आहे ना?

नाही. समतोल सांद्रता भागिले शोषण, हे समतोल सांद्रतेच्या विरुद्ध काढले की दोन्ही अक्षांवर एकच राशी येते. रेषा सरळ येणारच. वेळ भागिले शोषण विरुद्ध वेळ या ‘छद्म द्वितीय कोटी’ आलेखाचेही तेच. मूळ वक्ररेषा अ-रेषीय पद्धतीने जुळवा आणि अवशेष (मोजलेला आकडा वजा सूत्राचा आकडा) पाहा.

शोषणाचे सूत्र सोपे आहे: सुरुवातीची सांद्रता वजा शेवटची, गुणिले आकारमान, भागिले कोरडे वजन. १०० मिलिलिटरमध्ये ०.१ ग्रॅम जीवभार टाकून ५० चे ३२ मिग्रॅ/लिटर झाले तर १८ मिग्रॅ दर ग्रॅमला. पीएच सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा मोजा. पीएच ६ च्या वर शिसे आणि तांबे स्वतःहून हायड्रॉक्साइड होऊन बसू लागतात, आणि ते शोषण समजले जाते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पेशीत शिसे दिसले. खरे मानायचे?

आधी तीन गोष्टी तपासा. छेद ठळक दिसावा म्हणून लेड सायट्रेटने रंगवला होता का? मग दिसलेले शिसे तुम्हीच घातलेले आहे. क्ष-किरण वर्णपटात शिखर २.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे का? शिशाची एम-रेषा २.३४ ला आणि गंधकाची के-रेषा २.३१ ला आहे; जिवाणूत गंधक असतेच. शिशाची एल-रेषा १०.५५ ला पाहा, पण नमुन्यात आर्सेनिक असेल तर तिथेही १०.५४ ला त्याची के-रेषा बसलेली आहे. तिसरे, जाळी तांब्याची असेल तर तांब्याचे शिखर निरर्थक. निकेल किंवा सोन्याची जाळी घ्या. या पद्धतीची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्क्याच्या आसपास आहे, हेही विसरू नये.

धातूचे रूप पेशीच्या आत, जागेवरच कळते का?

सिंक्रोट्रॉनवरील (अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या कणत्वरकावरील) क्ष-किरण शोषणाने कळते. क्रोमियमची के-कडा ५९८९ इलेक्ट्रॉनव्होल्टला आहे आणि सहा-संयुजी रूप तिच्या जवळ, ५९९३ च्या सुमारास, ठळक पूर्वशिखर दाखवते. तीन-संयुजी रूपात ते नगण्य असते. नमुने गोठलेले ठेवा. तीव्र किरणांनीच सहा-संयुजी क्रोमियम क्षपित होऊ शकते, म्हणून एकाच जागेचे दोन वर्णपट घेऊन शिखर ओसरते का ते पाहा.

नामवंत नियतकालिकातही अशा चुका होतात का?

होतात. मोनो सरोवरातल्या जीएफएजे-१ या जिवाणूने डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरले, असा दावा २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ‘फॉस्फेटविरहित’ म्हटलेल्या माध्यमात प्रत्यक्षात सुमारे ३ मायक्रोमोलर फॉस्फेट अशुद्धी म्हणून होते. २०१२ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दोन निबंधांनी दाखवले की हा जिवाणू आर्सेनिक सहन करतो, पण त्याला फॉस्फेट लागतेच. नीट शुद्ध केलेल्या डीएनएत आर्सेनेट सापडले नाही. नियतकालिकाने मूळ निबंध २०२५ मध्ये मागे घेतला. अशुद्धीचा आकडा मूळ निबंधातच छापलेला होता. तो ताळ्यात धरला गेला नाही, एवढेच.

किती पुनरावृत्त्या कराव्यात?

एका फ्लास्कमधून तीन वेळा नमुना घेतला तर संख्या एकच, तीन नव्हे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वसाहतींपासून सुरू केलेले किमान तीन स्वतंत्र प्रयोग हवेत. शोधमर्यादेखालच्या आकड्याच्या जागी शून्य लिहू नका. ‘अमुक मर्यादेपेक्षा कमी’ असे लिहा, आणि मर्यादा कोऱ्या नमुन्यांच्या प्रमाण विचलनाची ३.३ पट भागिले उतार अशी काढा.

प्रकल्प-प्रस्तावात ‘किफायतशीर’ लिहिले आहे. अर्थशास्त्रज्ञ काय विचारतील?

कशाच्या तुलनेत, हा पहिला प्रश्न. चुन्याने साका पाडणे आणि आयनविनिमय राळ हे चालू पर्याय आहेत, तुलना त्यांच्याशी हवी. दुसरा, खर्च कशाच्या प्रमाणात? टक्केवारी फसवी असते. १०० मिग्रॅ/लिटर कॅडमियमपैकी ९० टक्के काढले तरी १० मिग्रॅ उरतात. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य ३ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे उरलेले तीन हजार पटींहून जास्त. काढलेल्या दर ग्रॅम धातूमागे आणि गाठलेल्या शेवटच्या सांद्रतेमागे, असा दोन्हींचा खर्च मांडा.

तिसरा, खर्चात काय धरले? माध्यम, हवा खेळवणे, पीएच राखणे, आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा, धातूने भरलेला जीवभार. तो घातक कचराच असतो. चौथा, वटाव दर, म्हणजे पुढच्या पैशाचे आजचे मूल्य काढायचा दर. स्वच्छतेचे फायदे वीस-वीस वर्षांनी येतात. २० वर्षांनंतरच्या १०० चे आजचे मूल्य ५ टक्के दराने ३७.७ होते, ३ टक्क्यांनी ५५.४. निष्कर्ष दराच्या निवडीवर उलटत असेल तर दोन्ही आकडे छापा.

धातुप्रतिकार आणि प्रतिजैविक-प्रतिकार यांचा संबंध आहे?

आहे. दोन्हींची जनुके अनेकदा एकाच प्लास्मिडवर असतात आणि काही पंप दोन्ही बाहेर फेकतात, त्यामुळे नुसत्या तांब्या-जस्तानेही प्रतिजैविक-प्रतिकारक वाण टिकून राहू शकतात. असा वाण मोकळ्या मातीत सोडण्याचा प्रस्ताव लिहिण्याआधी प्लास्मिड तपासा.

पाऱ्यावर काम करताना काय वेगळे करावे?

मेर जनुके असलेला जिवाणू पारा वाफेत सोडतो, तो शेजारच्या खाचेत किंवा प्लेटमध्ये जाऊन बसतो आणि कंट्रोलची वाढ खुंटवतो. म्हणून प्रतिकारक वाण आणि कंट्रोल एका प्लेटवर ठेवू नका. फ्लास्कची हवा आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटच्या सापळ्यातून न्या. ताळ्यातली ‘हवा’ ही रक्कम तिथेच मिळते. सगळे काम धूरकक्षात करा.

सेंद्रिय पारा सहज हाताळायची गोष्ट नाही. १९९६ मध्ये कॅरेन वेटरहान या अनुभवी रसायनशास्त्रज्ञांच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथिलमर्क्युरीचे काही थेंब पडले. ते हातमोज्यातून आरपार गेले आणि १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. या संयुगासाठी लेटेक्स किंवा नायट्राइल दोन्ही अपुरे आहेत. बहुस्तरीय लॅमिनेटचे हातमोजे लागतात, आणि शक्य असेल तर ते वापरूच नये.

पारा असलेले कल्चर ऑटोक्लेव्ह करू नका, वाफ खोलीत येते. पेशी रासायनिक पद्धतीने मारा आणि तो कचरा इतर धातूंपासून वेगळ्या, झाकणबंद बाटलीत जमा करा. बाटलीवर मूलद्रव्य, अंदाजे मात्रा आणि तारीख लिहा. कॅडमियम, शिसे आणि क्रोमियमचा कचराही सिंकमध्ये ओतायचा नाही; ब्लीच टाकलेल्या बाटलीत आम्ल मिसळायचे नाही, क्लोरीन वायू सुटतो.